हलगी, ट्रॅकर आणि २४३ पलटे

गणपती महिन्यावर आले की किल्लारीत आणि आसपासच्या गावांत मिक्स बनवणाऱ्या पोरांच्या रात्री जागायला लागतात. कुणाकडे जुना लॅपटॉप असतो, कुणाकडे नुसता मोबाईल. हलगी मिक्स, संबळ मिक्स अशा फर्माइशी मंडळांकडून आधीच आलेल्या असतात. त्यातल्याच एकानं मला विचारलं, "काका, असलं सॉफ्टवेअर निघालंय म्हणं, हलगीचा एक ठेका टाकला की शंभर करून देतंय. मग हलगीवाला लागतोय कशाला?"

हलगी ऐकत मोठा झालेला पोरगा हे विचारत होता, म्हणून मला ते लागलं. उत्तर द्यायचं तर आधी या सॉफ्टवेअरबद्दलचे बरेच गैरसमज बाजूला करावे लागतात.

"ब्रेकबीट म्हणजे तोडलेला, बिघडवलेला ताल"

ठेक्याचे तुकडे करून ते असे फिरवण्याच्या प्रकाराला ब्रेकबीट म्हणतात, आणि नावामुळे हा घोळ होतो. यातला ब्रेक म्हणजे गाण्यातली ती जागा, जिथं गायक थांबतो, बाकीची वाद्यं थांबतात आणि नुसता ड्रम चालू राहतो. आपल्याला ही जागा नवी नाही. ढोलकीफडाचा तमाशा गणाच्या आधी ढोलकी आणि हलगीच्या जुगलबंदीनंच उभा राहतो. शब्द नाहीत, पेटी नाही, दोन चामडी एकमेकांशी बोलतात आणि लोक गोळा होतात. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्कच्या हे ध्यानात आलं की लोक नेमके याच जागेवर नाचायला उठतात. त्यानं एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तेवढा तुकडा पुन्हापुन्हा वाजवायला सुरुवात केली.

पुढं सगळ्यांत जास्त वापरला गेलेला तुकडा 'आमेन, ब्रदर' या १९६९ च्या गाण्यातला. बँडचं नाव द विन्स्टन्स, ड्रमवादक ग्रेगरी कोलमन. चार आवर्तनं, सुमारे ७ सेकंद. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये जंगल नावाचा जो नाचाचा संगीतप्रकार उभा राहिला, त्याचा मोठा भाग या ७ सेकंदांचे बारीक तुकडे करून, त्यांची जागा बदलून उभा आहे. ताल कुठंच बिघडत नाही. तुकडे हलतात, सम जागेवर राहते.

"याला भारी संगणक आणि स्टुडिओ लागतो"

उलट आहे. असे तुकडे जुळवणारं सॉफ्टवेअर म्हणजे ट्रॅकर, आणि तो प्रकार गरिबीतून आला. १९८७ साली जर्मनीच्या कार्स्टन ओबार्स्कीनं कमोडोर अमिगा या घरगुती संगणकासाठी 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' लिहिला. एका वेळी चार आवाज, एवढीच त्या यंत्राची ताकद. अमिगा ५०० मध्ये मूळची मेमरी ५१२ किलोबाइट. आज मोबाईलवर काढलेला एखादा फोटोही त्यात मावणार नाही. अख्खं गाणं रेकॉर्ड करून ठेवणं शक्यच नव्हतं, म्हणून एक लहान तुकडा साठवायचा आणि तोच वेगवेगळ्या जागांवरून वाजवायचा, ही युक्ती निघाली. ट्रॅकरचा पडदा हिशोबाच्या वहीसारखा दिसतो: उभे रकाने, आणि वरून खाली सरकत जाणाऱ्या ६४ ओळी. ओळीत स्वर, वाद्याचा क्रमांक आणि एखादी खूण, बस्स. आज ओपनएमपीटी आणि मिल्कीट्रॅकर फुकट मिळतात, सनव्हॉक्स मोबाईलवरही चालतो. ज्या लॅपटॉपवर व्हिडिओ अडखळत चालतो, त्यावर ट्रॅकर सहज चालतो.

"बटण दाबलं की संगणक मनानं काहीही जुळवतो"

इथं थोडं थांबू, कारण गोम इथंच आहे.

समजा, हलगीचा दोन सेकंदांचा ठेका आपण रेकॉर्ड केला. आवाज संगणकात सुट्या नमुन्यांच्या रांगेनं साठतो. आपल्या ठेक्याचे असे ३२,७६८ नमुने आहेत असं धरू. त्याचे आठ सारखे तुकडे केले, तर एकेक तुकडा ४,०९६ नमुन्यांचा. जुन्या ट्रॅकरमध्ये ९ नंबरची एक खूण असते, जी आवाजाला सुरुवातीपासून न वाजवता मधूनच सुरू करते आणि २५६ नमुन्यांच्या पावलांनी उडी घेते. ४,०९६ म्हणजे अशी १६ पावलं. ट्रॅकरमधले आकडे १६ च्या पायावर लिहितात, म्हणून १६ तिथं १० असा दिसतो. त्यामुळं दुसरा तुकडा हवा तर ९१०, तिसरा हवा तर ९२०, असं करत आठवा ९७०. पहिल्याला खुणेची गरजच नाही. चाकू नाही, कात्री नाही. कुठल्या ओळीत कुठून सुरू करायचं, एवढंच लिहायचं.

आता आठ जागा आणि आठ तुकडे. कुठल्याही जागी कुठलाही तुकडा चालेल असं म्हटलं, तर एकूण प्रकार होतात १,६७,७७,२१६. एकेक दोन सेकंदांचा. रात्रंदिवस न थांबता ऐकायचं म्हटलं तर ३८८ दिवस लागतील, म्हणजे एक वर्ष आणि वर तेवीस दिवस. आणि त्यातले बहुतेक ऐकवणार नाहीत, कारण त्यात सम सापडत नाही, ठोक कुठं पडेल याचा कानाला अंदाज येत नाही.

म्हणून चांगलं सॉफ्टवेअर मनानं काही करत नाही. ते नियम विचारतं. आठपैकी तीन जागा हलवायच्या नाहीत, उरलेल्या पाच जागांवर प्रत्येकी तीनच तुकडे चालतील, असं सांगितलं की १ कोटी ६७ लाखांचे २४३ उरतात. ते आठ मिनिटांत ऐकून होतात. नियम आणखी बारीक करता येतात: पहिली तीन आवर्तनं सरळ, चौथ्यात बदल, एकच तुकडा सलग तीनदा नको, अमुक ठोका सरासरी दोनपैकी एकदाच पडू दे. रिनॉइझ या आजच्या ट्रॅकरमध्ये वाय अक्षराची एक खूण या शेवटच्या कामासाठी आहे, तिच्यावर तो स्वर वाजण्याची शक्यता ठरते. ब्रिटनच्या निक कॉलिन्स यांनी सुपरकोलायडर या भाषेसाठी 'बीबीकट' नावाची अशा कापणीच्या नियमांची लायब्ररी लिहिली, आणि पुढं रेमी म्युलर यांचं 'लाइव्हकट' तिच्यावरून आलं. दोन्हींत मेहनत आहे ती नियम लिहिण्याची.

त्या तीन जागा कुठल्या, हे कोण सांगणार? ज्याच्या हातात हलगीचं टिपरू आहे तो.

"नशिबानं निघालेला ठेका परत सापडत नाही"

सापडतो. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्रकाराला मूळ आकडा असतो. तोच आकडा पुन्हा दिला की तोच ठेका पुन्हा निघतो. याबद्दल मला अभिमानानं सांगावंसं वाटतं, कारण ही कल्पना मराठवाड्याच्या मातीत आठशे वर्षं जुनी आहे.

तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेव होता. घराणं मूळचं काश्मीरचं, काम दरबारी हिशोबाचं. त्याच्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथाच्या तालाध्यायात प्रस्तार नावाचा भाग आहे. द्रुत, लघू, गुरू आणि प्लुत ही कालमापं. द्रुत एक धरला तर लघू दोन, गुरू चार, प्लुत सहा. एवढ्या लांबीत ही मापं किती तऱ्हांनी बसतात, हे तो ठरलेल्या क्रमानं मांडतो. चार द्रुतांच्या लांबीत सहा तऱ्हा: चारही द्रुत, एक लघू आणि दोन द्रुत यांच्या तीन मांडण्या, दोन लघू, आणि एक अखंड गुरू. सहा द्रुतांत १९ होतात, आठ द्रुतांत ६०. वहीवर मांडून बघा, एकही सुटत नाही.

त्यापुढची गोष्ट जास्त मोलाची. नष्ट नावाच्या रीतीत नुसता क्रमांक दिला की सगळी यादी न लिहिता तो ताल काढता येतो. उद्दिष्ट नावाच्या रीतीत ताल दिला की त्याचा क्रमांक काढता येतो. सॉफ्टवेअरमधला मूळ आकडा यातलं नष्टाचं काम करतो. हिशोब सांभाळणाऱ्या माणसाला ही गरज दिसली, याचं मला नवल वाटत नाही. पाठांतरावर चालणाऱ्या विद्येत हरवलेला ताल शोधून काढायची सोय हवीच होती.

"हे परदेशी खूळ, आपल्या तालाला बसणार नाही"

तबला शिकलेल्या कुणालाही कायदा आणि पलटा सांगावा लागत नाही. कायद्यात जे बोल आहेत त्यांचीच उलटापालट करून पलटे करायचे, बाहेरचा बोल आणायचा नाही, खाली-भरी सांभाळायची. नियमांतून प्रकार काढणं याहून वेगळं काय असतं?

हे नुसतं साम्य नाही, कामही झालंय. १९८० च्या दशकात जेम्स किप्पेन लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. त्यांनी आणि बर्नार्ड बेल यांनी मिळून 'बोल प्रोसेसर' बनवला. कायद्याचं व्याकरण त्यात लिहायचं, संगणक नवे पलटे काढणार, आणि ते बरोबर की चूक हे उस्ताद सांगणार. चूक ठरला की दोष व्याकरणात आहे असं मानून व्याकरण दुरुस्त करायचं. उस्तादाच्या हातात जे नियम होते पण त्यानं कधी शब्दांत मांडले नव्हते, ते असे एकेक करून वर आले. तो प्रोग्राम आज सर्वांसाठी खुला आहे.

हेच बर्नार्ड बेल पुढं महाराष्ट्रात आले. पुण्यात गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या जमवण्याचं जे अफाट काम उभं केलं, लाखावर ओव्यांचं, त्यासाठी १९९० च्या दशकात बेल यांनी गावोगावी जाऊन बायकांचे आवाज रेकॉर्ड केले आणि त्यांची संगणकावर नोंद लावली. आपल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी म्हटलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यात आहेत. पलटे काढणारा संगणक आणि जातं ओढणारी बाई एकाच माणसाच्या कामात भेटली, हे मला फार जवळचं वाटतं.

बसत नाही ते एवढंच. ट्रॅकरच्या ओळी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातल्या नव्या किल्लारीच्या रस्त्यांसारख्या, आखून काढलेल्या. हलगीचा ठोका नेमका ओळीवर पडत नाही. बारीक काडीचा आवाज जरासा मागून येतो आणि चाल त्यातच असते. ट्रॅकरच्या नेहमीच्या मापात, वेग १२५ आणि ओळीला ६ टिक धरले, तर एक ओळ १२० मिलिसेकंदांची आणि एक टिक २० मिलिसेकंदांची. उशिराची खूण दिली की ठोका टिकभर मागं ढकलता येतो. पण किती ढकलायचा, ते सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं. सगळे ठोके ओळीवर बसवले की हलगी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते, आणि मग पोरं म्हणतात की रेकॉर्डिंगच खराब आहे.

"नेटवरचा लूप कुणाचाच नसतो"

कुणाचा तरी असतोच. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतो. कायद्यापेक्षा मला ग्रेगरी कोलमन आठवतो. त्याच्या ७ सेकंदांवर हजारो गाणी उभी राहिली, त्या वाजवण्याचे पैसे त्याला मिळाले नाहीत, आणि २००६ मध्ये तो हलाखीत गेला. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी जमवून बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना सुमारे २४ हजार पौंड दिले, तोवर कोलमन नव्हता. आपल्याकडं हलगी ज्या समाजानं पिढ्यानपिढ्या वाजवली, त्यातल्या किती जणांचं नाव एखाद्या मिक्सवर असतं? ज्याचा ठेका घ्याल त्याला बसवून, विचारून, बिदागी देऊन रेकॉर्ड करा आणि त्याचं नाव लिहा. मी त्या पोराला हेच सांगितलं.

त्यानं ते केलं. हलगीवाल्यानं शेकोटीवर हलगी शेकली, ठेका वाजवला आणि कुठल्या तीन जागा हलवायच्या नाहीत ते बोटानं मांडीवर वाजवून दाखवलं. २४३ पलटे निघाले. हलगीवाला सगळे ऐकायला बसला. बहुतेकांवर मान हलवली, काहींवर नुसताच "हूं" म्हणाला. एकावर थांबवायला लावलं. "हे हाताला यायचं न्हाई," तो म्हणाला, "काडी एवढ्यात परत येत न्हाई." मग तोच पलटा त्यानं आणखी दोनदा लावायला लावला, हलगी पुन्हा गळ्यात अडकवली, आणि काडी जरा आखूड धरून बघितली.