रोप लावल्यानंतरचे तीन उन्हाळे

नाशिकच्या सातपूर शिवारात फाशीचा डोंगर आहे. नाव ऐकून नवखा माणूस दचकतो, पण हल्ली बरेच नाशिककर या जागेला ‘देवराई’ म्हणूनच ओळखतात. ५ जून २०१५ रोजी, पर्यावरण दिनी, ‘आपलं पर्यावरण’ या संस्थेच्या हाकेला ओ देऊन हजारो लोक वनविभागाच्या या जागेवर जमले आणि त्यांनी देशी झाडांची रोपं लावली. वृक्षारोपणं तर दर पावसाळ्यात होतात, फोटो निघतात आणि दिवाळीपर्यंत खड्ड्यात नुसती काडी उरते. रोपाचं झाड होतं ते पुढच्या राखणीमुळे. अशा कामात हातभार लावायचा असेल, तर वर्षभर नेमकं काय करावं लागतं ते क्रमाने पाहू.

आधी जागा

डोंगर मोकळा दिसला म्हणून कोणीही जाऊन खड्डे खणावेत, असं चालत नाही. जागा वनविभागाची असेल तर त्यांची परवानगी लागते, गायरान असेल तर ग्रामपंचायतीची, शहरातल्या मोकळ्या भूखंडासाठी महापालिकेच्या उद्यान विभागाची. एकट्याने खेटे घालण्यापेक्षा आधीपासून काम करणाऱ्या गटात सामील होणं सोयीचं.

दुसरा प्रश्न पावसाचा. आपल्या जिल्ह्यात इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नाशिक शहरात सातशेच्या आसपास आणि येवल्याकडे त्याहूनही कमी. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला हिरडा, जांभूळ, आंबा सुखाने वाढतात. शहराजवळच्या मुरमाड डोंगरांवर पळस, खैर, बहावा, धावडा, काटेसावर टिकतात. पूर्वेकडे बोर, बाभूळ, हिवर यांचं राज्य.

काही जागी तर झाड न लावणं हेच पर्यावरणाचं काम असतं. येवला तालुक्यातल्या ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्रात काळविटं आहेत, ती उघड्या गवताळ माळावर जगतात. तिथे दाट झाडी केली तर त्यांचं घरच जाईल.

बी आणि रोप

रोपवाटिकेसाठी बी गोळा करणं हे घरातल्या मुलांनाही जमणारं काम. रस्त्याकडेची, सोसायटीतली झाडं पुरेशी असतात, त्यासाठी जंगलात शिरायची गरज नाही. उन्हाळ्यात करंजाच्या आणि बहाव्याच्या शेंगा झाडाखाली पडलेल्या मिळतात. बहाव्याचं बी टणक असतं. ते पॉलिश पेपरवर थोडं घासून किंवा गरम पाण्यात रात्रभर भिजवून लावावं, नाहीतर महिनोन्‌महिने उगवत नाही. कडुनिंब आणि जांभूळ यांचं उलट आहे. त्यांच्या बिया साठवल्या की काही आठवड्यांत मरतात, म्हणून फळ खाली पडलं की लगेच पेराव्यात.

वड, पिंपळ, उंबर यांचं बी बारीक, ते पक्ष्यांच्या विष्ठेतून पसरतं. जुन्या वाड्यांच्या भिंतीत, पन्हळीच्या तोंडाशी उगवलेली त्यांची रोपं पावसाळ्यात मुळासकट अलगद सोडवून पिशवीत लावली, तर भिंतही वाचते आणि झाडही.

खड्डा आणि लागवड

खड्डे एप्रिल-मेमध्ये खणतात. दीड फूट लांब, तेवढाच रुंद आणि खोल. वरची काळसर माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला काढून ठेवतात. ऊन खाल्लेल्या खड्ड्यात कीड कमी राहते. भरताना तीच वरची माती आणि कुजलेलं शेणखत मिसळून टाकतात.

पहिल्या सरीला लावायची घाई करू नये. दोन-तीन दमदार पाऊस होऊन जमीन आतपर्यंत भिजली की मग लावावं. पिशवी ब्लेडने उभी कापायची, मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही. तळाशी गोल गुंडाळलेली मुळं कात्रीने छाटायची, नाहीतर ती पुढेही तशीच गुंडाळत राहतात. खोड पिशवीत जिथपर्यंत मातीत होतं तिथपर्यंतच खड्ड्यात जाऊ द्यायचं. मग माती पायाने हलकी दाबायची आणि उताराच्या खालच्या बाजूला दगड-मातीचा अर्धचंद्र बांध घालायचा, म्हणजे वरून येणारं पाणी रोपापाशी थांबतं. परत येताना रिकाम्या पिशव्या मोजून खाली आणायच्या.

खरं काम इथून पुढे

ऑगस्ट-सप्टेंबरात गवत छातीएवढं वाढतं आणि रोप त्यात हरवतं. हातभर घेरातलं गवत कापून तिथेच रोपाभोवती पसरायचं. या आच्छादनाने ओल टिकते. दिवाळीनंतर तेच उभं गवत वाळून सरपण बनतं आणि एका विडीच्या थोटकाने डोंगर पेटतो. म्हणून हिवाळ्यात गवत काढून जाळरेषा पाडतात आणि आच्छादनही खोडापासून दूर सारतात. फेब्रुवारी ते मे वणव्याचा धोका असतो. त्या काळात धूर दिसताच वनविभागाला कळवणारा माणूस हे मोठंच बळ असतं.

त्याच महिन्यांत पाणी द्यावं लागतं. रोज शिंतोडे देण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर पाणी दिलेलं बरं, मुळं त्यामुळे खोल जातात. वर्षअखेर रोपांची मोजणी करायची आणि पुढच्या पावसात मेलेल्या रोपांच्या जागी नांग्या भरायच्या. असं सलग तीन उन्हाळे निभावले, तर देशी झाड बहुधा आपल्या बळावर उभं राहतं.

राखणीचा हा प्रश्न वृक्षतोडीच्या वेळीही येतो. २०२५च्या अखेरीस नाशिकच्या तपोवनात कुंभमेळ्यासाठी उभारायच्या साधुग्रामाकरता झाडं तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा नाशिककरांनी हरकती नोंदवल्या, आंदोलनं केली. महाराष्ट्रात शहरी भागातल्या वृक्षतोडीला १९७५चा कायदा लागू आहे. त्यानुसार परवानगी आणि हरकतींची प्रक्रिया असते, तिचा वापर जरूर करावा. पण तोडीच्या बदल्यात अमुक हजार झाडं लावू, असं कोणी म्हटलं की पुढचा प्रश्न विचारायला विसरू नका: त्यांना तीन वर्षं पाणी कोण घालणार आहे, आणि जगलेल्या झाडांचा आकडा दरवर्षी जाहीर होणार का? पूर्ण वाढलेल्या झाडाची उणीव रोपाने लगेच भरून निघत नाही, आणि मेलेल्या रोपाने तर कधीच नाही.

जूनमध्ये हातांची कमतरता नसते, ती मार्चपासून भासते. तेव्हा जवळच्या गटाला विचारा, उन्हाळ्यातला एक रविवार ठरवा आणि पाण्याचा कॅन घेऊन जा.