परगावचे मुलगे

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात ज्या दिवसांत गव्हाची कापणी उरकत येते आणि पहाटेचे दहिवर गवतावर गोठू लागते, त्याच दिवसांत तेथील लहान लहान शहरांत सोळा ते वीस वर्षांचे तरुण, हातात लांब काठ्या आणि खांद्यावर अवजड पिशव्या घेऊन, अनोळखी माणसांच्या दारात येऊन उभे राहतात. दार उघडणारी गृहिणी त्यांची आई नसते. परंतु पुढील सहा-सात महिने त्यांच्या जेवणाखाण्याची, दुखण्याखुपण्याची आणि रात्री-अपरात्री परतण्याची काळजी तीच वाहणार असते. सस्कॅचेवान ज्युनियर हॉकी लीग या नावाने १९६८ पासून चालत आलेल्या बर्फावरील हॉकीच्या स्पर्धेचा हंगाम खऱ्या अर्थाने याच उंबरठ्यावर सुरू होतो, असे मला वाटते.

आपल्या मैदानी हॉकीचे आणि या खेळाचे नाते चुलत भावंडांचे. दोनशे फूट लांब व पंच्याऐंशी फूट रुंद अशा बर्फाच्या पृष्ठावर प्रत्येक पक्षाचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक उतरतात. चेंडूच्या ठिकाणी ‘पक’ नावाची, तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची रबरी चकती असते, आणि ती फार उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी तिलाही गोठवून ठेवण्याचा रिवाज आहे. पोलादी पात्यांच्या बुटांवरून पूर्ण वेगाने झेपावण्याचे श्रम इतके विलक्षण, की मिनिटभरातच खेळाडूचा दम सरतो, आणि खेळ चालू असतानाच तो कठड्याकडे परततो व ताज्या दमाचा गडी त्याच्या जागी उतरतो. वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांत हे भरती-ओहोटीसारखे अव्याहत चालते.

या स्पर्धेतील संघ अमेरिकेच्या सरहद्दीजवळील एस्टेवानपासून उत्तरेच्या अरण्यातील ला राँजपर्यंत विखुरलेले आहेत. महाराष्ट्राच्या दुपटीहून विस्तीर्ण असलेल्या या प्रांतात सुमारे बारा लाख माणसे राहतात. त्यामुळे सप्टेंबर ते मार्च या मुदतीत पन्नासांहून अधिक सामने खेळायचे म्हणजे त्यांतील निम्म्यांसाठी हिमाच्छादित, निर्मनुष्य रस्ते तुडवायचे. या मुलांचे अर्धे तारुण्य बसमध्येच सरते: तेथेच अभ्यास, तेथेच पत्ते, तेथेच झोप. जानेवारीच्या आरंभी खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते, आणि तोपर्यंत एखाद्याला बदलीचा हुकूम आला, तर त्याच दिवशी पिशवी भरून त्याला दुसऱ्या गावी, दुसऱ्या दारात उभे राहावे लागते.

या आश्रयदात्या घरांना तिकडे ‘बिलेट’ कुटुंब म्हणतात. संघाकडून त्यांना अल्प मासिक खर्च मिळतो, पण त्या रकमेत वाढत्या वयाच्या मुलाच्या भुकेचाही हिशेब बसत नसावा. हे वाचताना मला पुण्यात वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांची आठवण होते: सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे करीत परगावच्या कित्येक मुलांची शिक्षणे गावाने पार पाडली. तेथे विद्या होती, येथे खेळ आहे. दुसऱ्याच्या लेकराला आपल्या पंक्तीला बसविण्याची वृत्ती तीच. संघांची मालकीही बहुधा गावकऱ्यांच्या संस्थेकडे असते. तिकिटे फाडण्यापासून जमाखर्च ठेवण्यापर्यंतची कामे गावकरी हौसेने करतात. यांतील फारच थोडी मुले पुढे व्यावसायिक खेळाडू होतात, हे साऱ्यांना ठाऊक असते, आणि तरीही उणे तीस अंशांच्या रात्री माणसे सामन्याला हजेरी लावतात.

या नात्याची खोली जगाला कळली ती मात्र अत्यंत दारुण प्रसंगी. हम्बोल्ट हे सुमारे सहा हजार वस्तीचे गाव. ६ एप्रिल २०१८ रोजी त्याचा ‘ब्राँकोज’ संघ उपांत्य फेरीच्या सामन्यासाठी निपाविनकडे निघाला असता, एका चौरस्त्यावर थांबण्याची खूण ओलांडून आलेल्या मालट्रकशी त्याच्या बसची टक्कर झाली. बसमधील एकोणतीस जणांपैकी सोळा मृत्युमुखी पडले: दहा खेळाडू, दोन प्रशिक्षक, शुश्रूषा करणारी तज्ज्ञ स्त्री, रेडिओवरील समालोचक, सामन्यांची आकडेवारी ठेवणारा एक कोवळा तरुण आणि बसचालक. गावातील किती घरांत त्या रात्री एक पलंग रिकामा राहिला! आईबाप दूरच्या गावी रडत होते, आणि ज्यांच्याशी रक्ताचा संबंध नव्हता अशा स्वयंपाकघरांतही सुतक होते.

त्यानंतरच्या दिवसांत साऱ्या कॅनडाभर लोकांनी आपापल्या दाराबाहेर हॉकीची एकेक काठी टेकवून ठेवली आणि पडवीतला दिवा रात्रभर तेवत ठेवला. जेथे कोठे ती मुले असतील, तेथे त्यांना गरज लागली तर असावी, एवढाच त्यामागचा भाव.

१२ सप्टेंबर २०१८ रोजी हम्बोल्टचा संघ पुन्हा बर्फावर उतरला. समोर निपाविनच होते. अपघातातून वाचलेले दोन खेळाडू संघात होते, आणि सामना हम्बोल्टने १-२ असा गमावला. बाकीची मुले बहुतांशी नवी होती. त्या सामन्यापूर्वीच, गव्हाच्या कापणीच्या दिवसांत, पिशव्या आणि काठ्या घेऊन ती त्या गावात आली होती, आणि गावाने त्यांना दार उघडले होते.