रोल, कॅमेरा... आमेन!

चर्चचा युथ ग्रुप, हातात मोबाइल आणि जेमतेम एक मिनिट. एवढ्यात काय काय होऊ शकतं? उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या यंग ब्रिगेडसाठी हा खास फंडा.

सोमवार ते शुक्रवार ऑफिस, शनिवारी आठवड्याची उधार झोप आणि रविवारी? रविवारी मेगाब्लॉक! कल्याणच्या पुढे राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नकोच. सीएसएमटीपासून बदलापूर तब्बल ६८ किलोमीटर. रोज तीन-तीन तास लोकलमध्ये काढल्यावर रविवारची सकाळ कुणाला द्यायची, हा प्रश्न विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत घराघरात असतो. चर्चला जाणाऱ्या घरातही. कुणी जागा परवडते म्हणून बदलापूरला शिफ्ट झालंय, पण जीव अजून जुन्या चर्चमध्येच अडकलाय. कुणी नाइट शिफ्टला, कुणी गल्फमध्ये. आजीला तर आता जिनाच उतरवत नाही. अशा विखुरलेल्या मंडळींना जोडणारी एक गोष्ट मात्र प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाइल!

पण म्हणून उगवत्या सूर्याचा फोटो, त्यावर एक वचन आणि मागे बासरी, असा व्हिडीओ ग्रुपवर टाकला की झालं? छे! असे पन्नास मेसेज रोज येतात आणि न बघताच डिलीट होतात. थोडं डोकं लढवायला हवं, बॉस!

पहिली 'रील' वाटाण्याची!

शॉर्ट व्हिडीओ हे आपल्याच पिढीचं खूळ आहे असं वाटत असेल, तर जरा मागे चला. १९११चा ईस्टर. गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये दादासाहेब फाळके यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांना वाटलं, आपल्या राम-कृष्णांच्या गोष्टी अशा पडद्यावर का येऊ नयेत? १९१२मध्ये ते लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले. पण पैसे लावणार कोण? मग त्यांनी एक शक्कल लढवली. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर एकेक फ्रेम टिपत राहिले. बी रुजतं, कोंब येतो, वेल चढतो... सगळं मिनिटभरात! या चिमुकल्या फिल्मचं नाव 'अंकुराची वाढ'. ती पाहून पैसे लावणारे तयार झाले आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

म्हणजे बघा, एक कुंडी, एक कॅमेरा आणि भरपूर पेशन्स. ना ड्रोन, ना डान्स. बायबलमधल्या मोहरीच्या दाण्याच्या दृष्टान्तावर व्हिडीओ करायचाय? फाळक्यांनी रेसिपी शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवली आहे. मोहरी तर चार दिवसांत उगवते!

पुराणापासून रीलपर्यंत

'चर्च आणि असले प्रकार?' असं म्हणून नाक मुरडणारे काका प्रत्येक मंडळीत असतात. त्यांना सांगा, काका, हे आजचं नाही. फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने गोव्यात राहून सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' लिहिलं आणि ते १६१६मध्ये छापलं गेलं. इथल्या लोकांना पुराण ऐकायची सवय, म्हणून त्यांनी पुराणाचाच बाज घेतला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तनाचा रस्ता धरला. त्या त्या काळात लोकांचे कान जिथे होते, तिथे ही माणसं गेली.

आजचे कान (आणि डोळे) कुठे आहेत, हे लोकलच्या डब्यात एकदा मान वर करून पाहिलंत तरी कळेल. २०२०च्या लॉकडाऊनने तर उरलीसुरली भीडही मोडली. त्या वर्षी १२ एप्रिलचा ईस्टर घरोघरी मोबाइलच्या स्क्रीनवरच झाला. जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबचे शॉर्ट्स आले. आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी व्हॅटिकनने ज्याला संतपद दिलं, तो कार्लो अकुटिस कोण होता? वेबसाइट बनवणारा, कम्प्युटरवेडा मुलगा. २००६मध्ये गेला तेव्हा अवघ्या पंधरा वर्षांचा होता. आता बोला काका!

आयडिया आपल्याच गल्लीत

दृष्टान्त दोन हजार वर्षांपूर्वीचे असले, तरी लोकेशन आपलंच घ्या. हरवलेलं नाणं शोधणारी बाई उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात कापडाच्या ढिगात नाणं शोधू दे. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तुमच्या सोसायटीच्या जिन्यात घडू दे. एक आजोबा धडपडलेत, तीन जण फोनवर बोलत बाजूने निघून जातात आणि चौथा थांबतो. तो चौथा कोण असावा? ज्याच्याकडून आपण अपेक्षाच करत नाही, असा. दृष्टान्ताची गंमत तिथेच आहे. (रेल्वेच्या हद्दीत शूटिंगला परवानगी लागते, तेव्हा फलाटाचा मोह टाळा. रुळांचा तर नक्कीच!)

दुसरी आयडिया भाषेची. १९४७नंतर सिंधी निर्वासितांनी वसवलेलं उल्हासनगर, शेजारी कारखान्यांचं अंबरनाथ. आपल्या पट्ट्यात मराठी, हिंदी, सिंधी, मल्याळी, तामिळ, कोकणी सगळं ऐकू येतं. एकच प्रार्थना, प्रत्येक ओळ वेगळ्या भाषेत, वेगळ्या चेहऱ्याच्या तोंडून. खाली देवनागरीत सबटायटल्स. खर्च शून्य, इफेक्ट जबरदस्त!

तिसरी सगळ्यात सोपी. जे कधीच स्टेजवर नसतात, त्यांच्यावर एकेक मिनिट. पहाटे हॉल झाडणारी मावशी, नाताळचा गोठा वर्षानुवर्षं बांधणारे काका, क्वायरच्या मागे हार्मोनिअमची पेटी उचलून नेणारा मुलगा. यात अॅक्टिंग लागत नाही. फक्त विचारा आणि ऐका.

जुगाड, पण परफेक्ट

* मोबाइल उभा धरा आणि फ्लाइट मोडवर टाका. ऐन प्रार्थनेत क्रेडिट कार्डवाल्यांचा फोन नको!
* ट्यूबलाइटमध्ये चित्र फडफडतं? आपली वीज ५० हर्ट्झची. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, फडफड गायब.
* चित्र जरा धूसर असलं तरी चालतं, आवाज खराब असेल तर कुणी थांबत नाही. पंखे बंद करा. कॉलर माइक नसेल तर दुसरा मोबाइल बोलणाऱ्याच्या शर्टाच्या खिशात रेकॉर्डिंगला लावून ठेवा. पत्र्याच्या शेडखाली पावसाळ्यात मुलाखत? विसरा.
* पहिल्या तीन सेकंदांत चेहरा किंवा प्रश्न हवा. चर्चचा लोगो गोल गोल फिरवत बसू नका.
* सबटायटल्स मस्ट. गर्दीच्या डब्यात सगळ्यांच्याच कानात इअरफोन नसतात.
* एडिटिंगला मोबाइलवर किनेमास्टर पुरतं. कम्प्युटर असेल तर डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्तीही दणकट आहे.

इथे मात्र ब्रेक!

आता थोडं सीरियस. चर्चमध्ये माणसं मन मोकळं करायला येतात. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाचं घर मोडायला आलेलं असतं, कुणी डोळे मिटून रडत असतं. कॅमेऱ्याला तो शॉट भारी वाटतो. पण तोच शॉट सोमवारी तिच्या ऑफिसच्या ग्रुपवर फिरला तर? पुढच्या रविवारी ती येणारच नाही. जोडायला म्हणून केलेला व्हिडीओ एक माणूस तोडून बसेल. तेव्हा आधी विचारा, एडिट झाल्यावर तिला दाखवा आणि ती 'नको' म्हणाली, तर कारण न विचारता काढून टाका.

संडे स्कूलच्या मुलांचे चेहरे दाखवायचे तर आईबाबांची परवानगी लेखी घ्या. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे.

सगळ्यात नाजूक मामला आजारपणाच्या साक्षीचा. 'प्रार्थनेने मला बळ मिळालं' हे कुणीही मनापासून सांगू शकतं. पण 'मी औषधं बंद केली' हे वाक्य आलं, की तिथे कात्री लावा. तुमच्या मंडळीला तो माणूस माहीत असतो, त्याचे डॉक्टर माहीत असतात. अनोळखी प्रेक्षकाला यातलं काहीच ठाऊक नसतं. तो टीबीच्या गोळ्या अर्ध्यावर सोडू शकतो. शिवाय तथाकथित चमत्कारांचा प्रचार करून लोकांना फसवणं महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे.

आणि हो, संगीत! उपासनेत गाणं म्हणायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. मात्र तेच गाणं व्हिडीओत घालून नेटवर टाकलं की ती सूट आपोआप मागे येते, असं धरून चालू नका. सेफ रस्ता कोणता? भारतात कवीच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याचे शब्द सगळ्यांचे होतात. टिळक १९१९मध्ये गेले, म्हणजे त्यांची भजनं खुली. मात्र चाल किंवा रेकॉर्डिंग नव्या कुणाचं असेल, तर त्याचा हक्क वेगळा. स्वतः चाल लावा, स्वतः गा. क्वायर कशासाठी आहे?

मग कधी सुरू करताय?

व्ह्यूज किती आले, हे रोज बघण्यात अर्थ नाही. मोजायचंच असेल तर वेगळं मोजा. व्हिडीओ पाहून किती जणांनी आजीला फोन केला? सहा महिने न दिसलेला मित्र परत आला का? मोहरी पेरायची असेल तर आजच पेरा. रविवारपर्यंत कोंब येईल... मेगाब्लॉक असला तरी!