सीडीने गेलेला, सी९ने परतलेला

आलेख काढणारा कॅल्क्युलेटर नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या विद्यार्थ्याच्या दप्तरात सहसा सापडत नाही. बारावीला लॉगटेबल, पुढे अभियांत्रिकीला साधा सायंटिफिक. प्रोग्रामेबल कॅल्क्युलेटर चालणार नाही, हे नागपूर विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेवरच छापलेले असते. पण त्या परदेशी यंत्राच्या पोटातली भाषा इथे परकी नाही. जवळच नंदनवनात १९८४ पासून के.डी.के. अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शहराच्या दुसऱ्या बाजूला १९६० चे व्हीआरसीई, आताचे व्हीएनआयटी. विदर्भात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या पिढ्यांनी ८०८५ या प्रोसेसरच्या किटवर जे हेक्स भरले, त्यातले बरेचसे टीआय-८३ प्लस या आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरलाही कळते.

याचे मूळ कुळात आहे. इंटेलमध्ये ८०८० घडवणाऱ्यांपैकी फेडेरिको फॅजिन बाहेर पडले आणि त्यांच्या झायलॉग कंपनीने १९७६ मध्ये झेड-८० आणला. त्याच वर्षी इंटेलचा ८०८५ आला. दोघांनीही ८०८० चे कोड सांभाळले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या १९९९ च्या टीआय-८३ प्लसमध्ये ६ मेगाहर्ट्झचा झेड-८० च बसवलेला आहे.

आता किटसमोर बसू. २००० या पत्त्यापासून ३१ ए० २० भरायचे, म्हणजे स्टॅक पॉइंटर २०ए० वर. लगेच सीडी ५० २०: २०५० वरच्या सबरुटीनला कॉल. पत्त्याचा धाकटा बाइट आधी, थोरला नंतर. पहिल्या प्रॅक्टिकलला निम्मा वर्ग इथेच चुकतो. कॉल घडला की प्रोसेसर परतीचा पत्ता, २००६, स्टॅकवर ठेवतो. प्रोग्राम थांबल्यावर २०९एफ उघडून पाहावे, तिथे २० दिसते. २०९ई मध्ये ०६. सबरुटीनच्या शेवटच्या सी९ ने हाच पत्ता उचलून मागे यायचे असते. स्टॅक म्हणजे काय, हे फळ्यावरच्या दहा आकृत्यांपेक्षा या दोन आकड्यांनी जास्त नीट समजते.

आता कॅल्क्युलेटरवर: प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत एएसएमपीआरजीएम ही खूण, तिच्याखाली ईएफ४०४५सी९. कॅटलॉगमधल्या एएसएम आज्ञेने चालवले की प्रोग्राम ९डी९५ या पत्त्यावर उतरतो आणि पडदा कोरा होतो. यातला ईएफ म्हणजे ८०८५ च्या पुस्तकातला आरएसटी ५. कॅल्क्युलेटरची फ्लॅश मेमरी ५१२ किलोबाइट, तर झेड-८० ला एका वेळी दिसतात फक्त ६४. म्हणून सिस्टिमचे रुटीन थेट सीडीने गाठता येत नाही. ईएफचा कोड स्टॅकवरून परतीचा पत्ता काढतो, तिथले ४० ४५ वाचतो, त्यावरून फ्लॅशचे योग्य पान समोर आणतो आणि परतीचा पत्ता दोन घरे पुढे सरकवतो. फार सुंदर रचना आहे ही.

मात्र सगळेच कोड जुळत नाहीत. २० आणि ३० हे ८०८५ मध्ये रिम आणि सिम, झेड-८० मध्ये सशर्त उड्या. असा एखादा बाइट चुकून गेला, तर कॅल्क्युलेटरची रॅम पुसली जाऊ शकते.

कॅल्क्युलेटरवर असे हेक्स चालवण्याची वाट सुरुवातीला कंपनीने दिलेली नव्हती. टीआय-८५ वर हौशी मंडळींनी बदललेल्या बॅकअप फाइलमधून झेडशेल हा प्रोग्राम घुसवला. सोय अधिकृतपणे आली ती नंतरच्या मॉडेलांत. २०२० मध्ये टीआय-८४ प्लस सीईच्या नव्या सिस्टिममधून ती काढून घेतली गेली. प्रयोगशाळेतल्या किटला असे कुलूप नाही: रीसेट, २०००, नेक्स्ट, ३१.