दप्तराच्या यादीची फोड

महाराष्ट्रात शालेय वर्षाचा आणि पावसाळ्याचा आरंभ साधारण एकाच पंधरवड्यात होत असल्याने वह्या, गणवेश, दप्तर, बूट, रेनकोट आणि छत्री हा सगळा खर्च बहुतेक घरांत एकाच महिन्याच्या पगारावर येऊन पडतो. राज्य मंडळाच्या शाळा 15 जूनच्या सुमारास आणि विदर्भात उन्हाच्या तडाख्यामुळे त्यानंतर काही दिवसांनी उघडतात. केंद्रीय मंडळाच्या बऱ्याच शाळांचे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होते, आणि गोव्यातही 2025 मध्ये सहावी ते दहावी व बारावीचे वर्ग एप्रिलमध्ये भरवण्यात आल्यामुळे तेथील खरेदी उन्हाळ्याच्या तोंडावर आली. महिना कोणताही असो, खरेदीची रीत मात्र सारखीच राहते: शाळेची यादी हाती येते, ती जशीच्या तशी दुकानदारापुढे ठेवली जाते आणि बांधून तयार असलेला संच घरी येतो. या रीतीत एकेका वस्तूचा भाव विचारला जात नाही आणि त्या वस्तूची गरज आत्ताच आहे काय, हा प्रश्नही उद्भवत नाही. त्यामुळे काउंटरवर घासाघीस करून जे वाचते त्याहून अधिक पैसे यादीची फोड केल्याने वाचतात.

ही फोड करताना यादीतील वस्तूंचे चार वर्ग सहज पडतात. काही वस्तू अभ्यासक्रमाने ठरतात, काही वापराने संपतात, काही मुलाच्या वाढीमुळे तोकड्या होतात आणि काही वर्षानुवर्षे टिकू शकतात. प्रत्येक वर्गाचा काटकसरीचा नियम निराळा असल्याने, एकाचा नियम दुसऱ्याला लावला की बचतीऐवजी नुकसान होते.

अभ्यासक्रमाने ठरणारी पुस्तके

पहिल्या वर्गात पाठ्यपुस्तके येतात. राज्य मंडळाची पुस्तके तयार करणारी ‘बालभारती’ ही संस्था 1967 मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि तिच्या पुस्तकांच्या किमती खासगी प्रकाशनांच्या तुलनेत कमी राहत आल्या आहेत. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना ही पुस्तके समग्र शिक्षा अभियानातून मोफत मिळतात, म्हणून अशा शाळेत जाणाऱ्या मुलासाठी मे महिन्यातच दुकानातून संच आणणे म्हणजे हक्काने मिळणाऱ्या वस्तूसाठी पैसे मोजणे होय. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या पीडीएफ प्रतीही विनामूल्य उपलब्ध असतात. त्या रोजच्या वापरातील पुस्तकाची जागा घेत नसल्या तरी पुस्तक हाती येईपर्यंतची निकड भागवतात.

जुन्या पुस्तकांचा पर्याय महाराष्ट्राला नवा नाही. पुण्यातील अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत माटुंग्याच्या किंग्ज सर्कलजवळ वापरलेली पुस्तके कमी किमतीत मिळत आली आहेत, आणि वाड्यात किंवा चाळीत वरच्या वर्गातील मुलाची पुस्तके खालच्या वर्गातील मुलाकडे जाण्याची पद्धतही जुनी आहे. या पर्यायाला एक मर्यादा आहे. अभ्यासक्रम बदलला की मागील वर्षाचे पुस्तक, ते कितीही स्वच्छ असले तरी, रद्दीच्या भावाचे होते. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत असून 2025-26 मध्ये पहिलीपासून त्याचा आरंभ झाला आहे. म्हणून जुना संच घेण्यापूर्वी त्या इयत्तेचे पुस्तक यंदा बदलले आहे काय, हे शाळेत विचारून घेणे आणि पुस्तकाच्या आतील पानावरील आवृत्तीचे वर्ष पाहणे आवश्यक ठरते. पाठ्यपुस्तकाच्या जोडीला संचात येणारी मार्गदर्शके, व्यवसायमाला आणि अपेक्षित प्रश्नसंच यांची खरेदी तर पहिली घटक चाचणी होईपर्यंत थांबवता येते, कारण त्यांपैकी नेमके काय वापरले जाणार, हे तोपर्यंत स्पष्ट झालेले असते.

वापराने संपणाऱ्या वस्तू

वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि पेन यांचा वर्ग वेगळा आहे, कारण येथे वस्तू निश्चितपणे संपते आणि एकगठ्ठा खरेदी म्हणूनच फायद्याची ठरते. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवरील घाऊक दुकानांत डझनाचा भाव सुट्या वहीपेक्षा कमी पडतो. चार-पाच कुटुंबांनी किंवा एखाद्या गृहनिर्माण संस्थेने मिळून माल उचलला तर हा लाभ लहान गरजेच्या घरालाही मिळतो. 1975 पासून कार्यरत असलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने किराण्यासह अनेक वस्तूंच्या सामुदायिक खरेदीचे हेच तत्त्व प्रत्यक्षात चालवून दाखवले आहे.

मात्र वहीची किंमत पारखताना केवळ छापील आकडा पाहून भागत नाही. बोलीभाषेत ‘दोनशे पानी’ म्हणून मागितल्या जाणाऱ्या वहीच्या पुठ्ठ्यावर बारीक अक्षरांत 172 किंवा 180 असा पृष्ठांचा आकडा असू शकतो आणि पुष्कळदा त्यात मुखपृष्ठाच्या बाजूही मोजलेल्या असतात. म्हणून तुलना वहीची करण्याऐवजी पृष्ठाची करावी. उदाहरणादाखल, 172 पृष्ठांची वही 43 रुपयांना मिळाली तर एक पृष्ठ 25 पैशांना पडते, आणि 140 पृष्ठांची वही 42 रुपयांना घेतली तर तेच पृष्ठ 30 पैशांना पडते. एका रुपयाने स्वस्त दिसणारी वही प्रत्यक्षात महाग असते. दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे जीएसएम, अर्थात एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. हा आकडा फार कमी असेल तर शाई मागे उमटते, पानाची एकच बाजू नीट वापरता येते आणि स्वस्त वहीचा दर आपोआप वाढतो. याशिवाय एकरेघी, दुरेघी, चौरेघी आणि चौकटी यांपैकी कोणती वही किती लागणार, हे कळण्यापूर्वी डझन घेतले तर नको असलेल्या आखणीच्या वह्या कपाटात पडून राहतात. त्यामुळे जूनमध्ये निम्म्या आणि पहिल्या सत्राचा वापर पाहून उरलेल्या दिवाळीनंतर घेणे श्रेयस्कर असते.

करांतील बदलाचाही या वर्गाशी थेट संबंध आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, टोकयंत्रे, रंगखडू आणि नकाशे यांवरील वस्तू व सेवा कर शून्य झाला आहे. वह्यांवर आणि पेन्सिलींवर तो पूर्वी 12 टक्के होता. कंपासपेटीवरील कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला. पेन आणि दप्तर यांवरील 18 टक्के कर मात्र कायम राहिला. छापील कमाल किमतीत सर्व कर धरलेले असल्याने ही कपात पावतीवर वेगळी दिसत नाही, आणि ग्राहकाला ती छापील किंमत पाहूनच ताडावी लागते.

वाढीबरोबर तोकडे होणारे

गणवेश आणि बूट यांच्या बाबतीत एकगठ्ठा खरेदी हीच चूक ठरते, कारण वस्तू झिजण्यापूर्वीच मूल वाढते. शिवलेल्या गणवेशात यावर जुना तोडगा आहे. पॅन्टच्या किंवा फ्रॉकच्या तळाशी दोन इंचांची दुमड ठेवली आणि कंबरेच्या शिवणीत थोडे कापड सोडले तर एक उसवण आणि एक टीप एवढ्या खर्चात गणवेश दुसऱ्या वर्षी वापरता येतो. दुमड उलगडल्यावर जुन्या घडीची रेषा गडद दिसते, कारण घडीतील कापडाने ऊन आणि धुणे बाहेरच्या कापडाइतके सोसलेले नसते. फिक्या रंगात ही रेषा कमी खुपते, गडद निळ्यात आणि चॉकलेटी रंगात ती उठून दिसते. कापडात कापसाचे प्रमाण अधिक असेल तर ते आटते, म्हणून शिवण्यापूर्वी ते पाण्यातून काढून घेण्याचा शिंप्याचा सल्ला मानणे हिताचे असते.

बुटांना मात्र दुमड ठेवता येत नाही. दोन क्रमांक मोठा बूट घेतला की टाच घासते, चवडा दुमडतो आणि बूट वाढीच्या आधीच फाटतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा पुरेशी असते. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात अनेक शाळा सँडल किंवा प्लॅस्टिकच्या चपला चालवून घेतात. अशा शाळेसाठी जूनमध्ये घेतलेले चामडी बूट चार महिने बुरशी धरत खोक्यात राहतात आणि बाहेर निघतात तेव्हा घट्ट झालेले असतात. शाळेला विचारून ही खरेदी ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलली तर बूट मापाचे मिळतात आणि जूनच्या पगारावरचा भारही हलका होतो.

गणवेश ठरावीक दुकानातूनच घ्यावा, अशी अट घातली जाते तेव्हा निवडच उरत नाही. अशी सक्ती करू नये, असे शिक्षण विभागाने वेळोवेळी बजावले आहे. पालकांनी कापडाचा रंग, नमुना आणि बोधचिन्ह यांचा लेखी तपशील शाळेकडे मागितला तर कापड घेऊन शिवून घेण्याचा मार्ग मोकळा राहतो.

टिकणाऱ्या वस्तू

दप्तर, डबा, पाण्याची बाटली आणि कंपासपेटी या चौथ्या वर्गात नवी वस्तू घेण्याचे कारण बहुधा जुनी निकामी झाली हे नसते, तर वर्ष नवे झाले एवढेच असते. दप्तराची चेन अडते तेव्हा पुष्कळदा केवळ तिचा सरकता तुकडा, म्हणजे रनर, झिजलेला असतो, आणि रस्त्याकडेला बसणारे बॅग दुरुस्त करणारे कारागीर तो थोडक्या पैशांत बदलून देतात. नवे दप्तर घ्यावेच लागले तर मोठ्या आकाराचा मोह टाळावा. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, असा नियम आहे. 25 किलो वजनाच्या मुलासाठी ही मर्यादा अडीच किलो होते आणि रिकाम्या दप्तराचे वजनही त्यातच मोजायचे असते.

चारही वर्गांचे हे नियम पाळता येण्यासाठी घरात काय उरले आहे, हे आधी ठाऊक असावे लागते, आणि जूनमध्ये यादी हाती आल्यावर ते पाहण्याची सवड नसते. त्यासाठी योग्य दिवस वार्षिक परीक्षेच्या शेवटच्या पेपरचा असतो. त्या दिवशी दप्तर जमिनीवर उपडे केले, वह्यांतील कोरी पाने काढून दाभणाने एकत्र शिवली, अर्ध्या पेन्सिली एका डब्यात टाकल्या आणि गणवेश अंगाला लावून पाहिला, की घराची स्वतःची यादी तयार होते. शाळेची यादी आल्यावर फक्त या दोहोंची वजाबाकी करायची राहते.