जळगावचा सर्व्हर कोण शोधणार?

(लेखमाला : भाग सहावा)

‘आपल्या साइटवर कोण कशाला येईल?’ नगरपालिका असो, पतसंस्था असो की केळीची पेढी, खान्देशात सर्व्हरच्या सुरक्षेवर खर्च करायची वेळ आली की हा प्रश्न हमखास पुढे येतो. पण हल्लेखोर नाव पाहून येतच नाही.

२०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप हे साधन तयार केलं. जोडणी गिगाबिटची असेल, तर एकाच संगणकावरून आयपीव्ही-फोरचे जवळपास सगळे सार्वजनिक पत्ते चाचपायला त्याला पाऊण तासही लागत नाही. जळगावहून धुळ्याला निघालेली एसटी तेवढ्या वेळात पारोळ्यालाही पोचत नाही! या चाचपणीत जळगाव आणि न्यूयॉर्क हे दोन्ही नुसते आकडे असतात. कुठलं पोर्ट उघडं आहे आणि त्यामागे कुठलं जुनं सॉफ्टवेअर चालतं, एवढंच पाहिलं जातं.

मे २०२५ मध्ये राज्याच्या महाराष्ट्र सायबर विभागाने पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर झालेल्या सायबर हल्ल्यांचा अहवाल मांडला. देशभरात सुमारे १५ लाख हल्ले झाले, त्यातले जेमतेम १५० यशस्वी ठरले. विद्रूप झालेल्या साइटींमध्ये कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची साइट होती. त्याआधी जून २०२२ मध्ये ठाणे पोलिसांच्या साइटचीही तीच गत झाली होती.

साइट विद्रूप करण्याची एक नेहमीची वाट म्हणजे फाइल अपलोड. निविदेची पीडीएफ चढवण्यासाठी एक पान असतं. तिथे फाइलचा प्रकार नीट तपासला जात नसेल, तर पीडीएफऐवजी छोटीशी पीएचपी फाइल चढवता येते. अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपी चालवायची मुभा असली की ब्राउझरमधून ती फाइल उघडून थेट सर्व्हरला हुकूम सोडता येतात. हिलाच वेबशेल म्हणतात. सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये दोन-चार ओळी घालून ही मुभा काढता येते. खर्च शून्य.

दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याच्या एसएसएचला पासवर्डऐवजी की वापरणं, डेटाबेसचं पोर्ट बाहेरच्या जगाला बंद ठेवणं, ही कामंही तासाभराची. अपडेटचं मात्र तसं नाही. ते सतत करावं लागतं आणि तिथेच चालढकल होते. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीला अपाची स्ट्रट्स या वेब सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीचा पॅच मार्च २०१७ मध्येच उपलब्ध होता. तो सगळीकडे लागला नाही. मे महिन्यात चोर आत शिरले आणि १४ कोटींहून अधिक लोकांची माहिती गेली. गलेलठ्ठ कंपनीची ही कथा, तर ज्या साइटचा डेव्हलपर कधीच पुण्याला निघून गेला, तिथे काय असेल?

शिवाय कायदाही आहे. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या आणि सरकारी संस्थांनी ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. घुसखोर बहुधा आधी आपल्या खुणाच पुसतो, म्हणून लॉगची प्रत दुसऱ्या यंत्रावर हवी. ही जबाबदारी होस्टिंगवाल्याची की संस्थेची, हे वार्षिक करारात लिहून घेतलेलं बरं.

पुढच्या आठवड्यात : बॅकअप.