सुईचे टोपण

गेल्या पावसाळ्यात अब्बांना इस्पितळात दाखल केले होते. आठ रात्री मी त्यांच्या खाटेशेजारी काढल्या. दुसरे काही काम नव्हते, म्हणून सिस्टरांचे हात पाहत बसे. इंजेक्शन दिले की त्या सुईला टोपण लावत नसत. ट्रॉलीवरच्या कटरने सुई तोडून पांढऱ्या डब्यात पाडत आणि सिरिंज लाल पिशवीत टाकत.

"सिस्टर, टोपण का लावत नाही?" मी विचारले.

निवृत्तीला आलेल्या त्या सिस्टर हसल्या. "काका, आम्ही टोपण लावायलाच शिकलो होतो. ते विसरायला वर्षे गेली."

त्यांच्या उमेदवारीच्या काळात काचेची सिरिंज उकळून पुन्हा वापरत. पुढे एकदाच वापरायची प्लास्टिकची सिरिंज आली. वापरलेल्या सुईला टोपण घालणे ही तेव्हा टापटीप समजली जाई. पण टोपण घालताना नेम चुकला की सुई बोटात शिरते. सुईवर बाधित रक्त असेल, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी होण्याचा धोका ३० टक्क्यांपर्यंत असू शकतो. एचआयव्हीचा धोका सुमारे ०.३ टक्के असतो. आणि सुई साध्या पिशवीत टाकली, तर ती सफाई कामगाराच्या हाताला लागते.

१९९८ साली आपल्याकडे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले. २०१६ मध्ये ते नव्याने झाले. सुया, पाती यांसाठी आरपार भोसकली जाणार नाही अशी पांढरी पेटी ठरली.

नियमाचा कागद भिंतीवर लागला. पण हात लगेच बदलले नाहीत. वरिष्ठ म्हणत, जुन्या नर्सना बदल नकोच असतो. सिस्टर म्हणाल्या, "डबा वॉर्डाच्या टोकाला होता हो! उघडी सुई घेऊन तेवढ्या खाटा ओलांडायच्या कशा? मग टोपण लावायचो. डबा ट्रॉलीवर आला आणि सवय सुटली."

श्रोतेहो, मला यात सगळे उत्तर दिसले. नवे शिकायला नर्स तयारच असते. मात्र हाताला बसलेली सवय मोडायची, तर कारण नीट सांगावे लागते आणि साधन हाताशी द्यावे लागते. आता वॉर्डात नोंदीसाठी संगणक येत आहेत. ते कुठे ठेवायचे, हे रात्रपाळीच्या सिस्टरला आधी विचारावे.

अब्बा बरे होऊन घरी आले. निघताना मी सिस्टरांच्या हातांकडे पुन्हा एकदा पाहिले. त्या पुढच्या खाटेवर इंजेक्शन देत होत्या.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)